उजेडाचा ताशी दर

वहिनी, तुझ्या तिकिटाचे पैसे परत मिळणार आहेत. जवळजवळ सगळे. काल विमान कंपनीच्या माणसाशी अर्धा तास फोनवर होते. त्याने तीन वेळा 'सॉरी मॅडम' म्हटलं आणि चौथ्यांदा दाखल्याची प्रत मागितली. आठवतंय ना, हे सगळ्यात स्वस्त तिकीट मी काढलं तेव्हा केवढी भांडली होतीस? चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून बारीक अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं होतंस, "अगं शैले, काहीही झालं तरी पैसे परत नाहीत असं लिहिलंय यात." मी म्हटलं, होणार काय आहे, जायचंच आहे ना आपल्याला? तर एक कारण चालतं म्हणे. ते तू दिलंस.

दमलेय गं मी. रडून नाही, रडायला अजून फारशी सवडच झालेली नाही. खिडक्यांपुढे उभी राहून दमलेय. बँकेची खिडकी, पेन्शनची खिडकी, महापालिकेची खिडकी. प्रत्येक ठिकाणी तुझं पूर्ण नाव सांगावं लागतं, आणि अडतीस वर्षांत मी तुला वहिनीशिवाय दुसरं काही म्हटलेलंच नाही. पहिल्या खिडकीवर बाईंनी विचारलं, "नाम क्या था उनका?" तर मला क्षणभर आठवेचना. मागच्या माणसाला वाटलं असेल, कोण ही, कुणाचा दाखला न्यायला आली आहे. मग आठवलं. मंदाकिनी. कसलं लांबलचक नाव होतं तुझं, आणि वापरलं कुणीच नाही.

तुझा तेरावा रविवारी झाला. समीर सोमवारी बंगळूरला परत गेला, त्याची रजा संपली होती. आता घरात दादा आणि मी. म्हणजे तुझा नवरा आणि तुझी नणंद, दोघं बहीणभाऊ, आणि आमच्या लक्षात आलंय की आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो ते सगळं तुझ्यामार्फत. "तिला सांग, गॅस संपत आलाय." "त्याला विचार, रात्री काय खाणार." आता मधलं टपाल बंद झालं. काल सकाळी त्याने चहा थंड झाल्याचं मला थेट सांगितलं आणि आम्ही दोघंही जरा चमकलोच.

आज पाच तारीख. चौदा नोव्हेंबरला आपल्या दोघींचं लंडनचं विमान होतं. तुझं रद्द झालं. माझं अजून आहे. त्याचं काय करायचं हे ठरवण्यासाठी मी टेबलाशी बसले, आणि हिशेबाऐवजी हे लिहीत बसले.

ज्या दिवशी तू शाळेतून रिटायर झालीस, त्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, आता बाई काय करणार? सगळ्या शिक्षिका सांगतात तसं तू सांगशील असं मला वाटलं, नातवंडं, देवदर्शन, राहिलेलं वाचन. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "एकतीस वर्षं मी मुलांना सांगितलं की शून्य रेखावृत्त ग्रीनविचमधून जातं. मी स्वतः बघितलेलं नाही. खरंच जातं का, ते एकदा बघून यायचंय." सगळे हसले. मीही हसले. घरी येताना रिक्षात तू गप्प होतीस तेव्हा कळलं की तू विनोद केला नव्हतास.

दादा म्हणाला, "रेघ बघायला लंडन? इथे जन्म गेला, एकदा चारमिनारवर चढली नाहीस. कायकू?" तू म्हणालीस, "चारमिनार मी शिकवला नाही. तो इतिहासवाल्यांकडे होता."

मग तू माझ्या खोलीत आलीस. "शैलाबाई, तुम्ही अकाउंट्सच्या. बजेट करून द्या." बाई म्हणालीस की मी समजायचे, काम आहे.

मी केलं. मला दुसरं येतंय काय? चौतीस वर्षं सरकारी कचेरीत खर्चाची हेडं सांभाळली. पगाराचं एक हेड, प्रवासाचं एक, कागद-शाईचं एक, आणि एका हेडातला रुपया दुसऱ्यात हलवायचा तर वरून मंजुरी. मी तुला तसाच तक्ता करून दिला: तिकीट, व्हिसा, विमा, मुक्काम, जेवण, तिथला प्रवास, किरकोळ. एकूण आकडा बघून तू खुर्चीत बसलीस. मग हळूच म्हणालीस, "इतक्यात तर समीरचं लग्न झालं होतं." मी म्हटलं, त्याच्या लग्नात जेवण तरी होतं, इथे तर चहासुद्धा आपल्याकडच्या जेवणाच्या भावाने. तीन वर्षं लागतील. तू म्हणालीस, लागू देत.

आणि लागली. तीन वर्षं तुझ्या पेन्शनीतून आणि माझ्या पेन्शनीतून दर महिन्याला एकेक रक्कम बाजूला. मला खरं सांगायचं तर त्या तीन वर्षांत माझ्या आयुष्याला जरा चव आली. संध्याकाळी चार वाजता चहा, काचीगुड्याच्या स्टेशनावरची घोषणा खिडकीतून येते आहे, आणि आपण दोघी भांडतोय, सुटकेसमधून भाताचा लहान कुकर न्यायचा की नाही. मी म्हणायचे न्यायचा, आठ दिवसांचं जेवण वाचतं, मेतकूट-भात-तूप. तू म्हणायचीस, "मी त्या गावात जाऊन मेतकूट खाणार नाही. एक तरी जेवण मला पांढरा कपडा घातलेल्या टेबलावर बसून खायचंय, कुणीतरी आणून वाढलेलं. जन्मभर मी वाढलंय." मी ते 'किरकोळ'मध्ये टाकलं. तुला काही हवं असलं की तू ते किरकोळमध्ये सरकवायचीस, आणि हात जोडून म्हणायचीस, "साहेब, मंजुरी." किरकोळचं हेड इतकं फुगलं की मुक्कामाच्या बरोबरीला आलं. तरी बरं, ऑडिट नव्हतं.

त्याच दिवसांत तू हिमायतनगरहून ते दुसरं घड्याळ आणलंस. स्वयंपाकघरात आपल्या घड्याळाशेजारी टांगलंस, लंडनच्या वेळेवर. मार्चच्या शेवटच्या रविवारी स्टुलावर चढून ते एक तास पुढे करायचीस, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. "तिथे लोक उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात," हे तू मला दर वर्षी दोनदा नव्याने समजावलंस. भाजीवालीलाही समजावलंस. ती बिचारी "हौ अम्मा, हौ अम्मा" करत उभी. चार वाजता चहा ओतताना म्हणायचीस, "तिथे आत्ता साडेअकरा. लोक कामात असतील."

ग्रीनविचच्या तिकिटावरून आपलं झालं ते मात्र मी विसरत नाहीये. वेधशाळेच्या आवारात ती रेघ आहे, आत जायला तिकीट, दोघींचं मिळून आपल्या पाच हजारांच्या आसपास. मी इंटरनेटवर शोधून काढलं की आवाराच्या बाहेर, खालच्या वाटेवर, भिंतीवरही ती रेघ दाखवली आहे, आणि ती फुकट. माझा आनंद काय सांगू! धावत तुला सांगायला आले. "रेघ तीच. आत काय नि बाहेर काय, तेच रेखावृत्त. पाच हजार वाचले."

तू कणीक मळत होतीस. वर न बघता म्हणालीस, "भिंतीवर बघायची तर शाळेतला नकाशा काय वाईट होता?"

"अगं पण शास्त्राच्या दृष्टीने..."

"शास्त्र मला शिकवू नकोस."

मी तिकीट तक्त्यातून काढून टाकलं. तू दुसऱ्या दिवशी किरकोळमध्ये घातलंस. मी पुन्हा काढलं. हे चार-पाच वेळा झालं. शेवटी ते आत होतं की बाहेर, मला आज खरंच सांगता येत नाही, कारण शेवटची प्रत तुझ्या हातची आहे आणि ती अजून उघडायची माझी हिंमत नाही.

हे सगळं लाडाचं भांडण झालं. आता खरं लिहिते.

आपण मेमध्ये जाणार होतो. या वर्षीच्या मेमध्ये. पैसे जमले होते. फेब्रुवारीत मी दर बघितले, आणि माझ्यातली अकाउंट्सवाली बाई जागी झाली. मेचं तिकीट महाग, मेचा मुक्काम महाग. तेच नोव्हेंबरात गेलं तर दोघींचे मिळून एकसष्ट हजार वाचत होते. एकसष्ट हजार, वहिनी! मी तक्ता नवा केला आणि तुझ्यापुढे ठेवला, अगदी बक्षीस आणून ठेवावं तसा.

तू बराच वेळ बघितलंस. मग कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका पडली होती, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहायला लागलीस. मला वाटलं भाजीची यादी. दहा मिनिटांनी ती माझ्यापुढे सरकवलीस.

"लंडन एक्कावन्न अंश उत्तरेला," तू म्हणालीस. एकदम वर्गातला आवाज. "आपलं हैदराबाद सतरा अंशांवर. आपल्याकडे हिवाळ्यात दिवस लहान होतो तो तासा-दोन तासांनी. तिथे तसं नसतं. मेच्या मध्याला तिथे साडेपंधरा तास उजेड. नोव्हेंबरच्या मध्याला पावणेनऊ. चार वाजता अंधार पडतो, शैले. आपला चहा व्हायच्या वेळेला."

"बरं, मग?"

"मग आपण तिथे बघायला जातोय ना? बघायला उजेड लागतो. सात दिवसांचे उजेडाचे तास काढले. मेचा सगळा खर्च त्या तासांनी भागला तर तास पडतो चार हजारांना. नोव्हेंबरचा खर्च भागला तर तास पडतो सहा हजारांना. आता सांग, स्वस्त काय?"

मी पत्रिका हातात घेतली. भागाकार बरोबर होता. मी दोनदा तपासला, सवय आहे. आणि मग मी काय म्हटलं ते तुला आठवतंय. मला तर ते वाक्य आता दिवसातून दहा वेळा ऐकू येतं.

"उजेड हे हेड नसतं, वहिनी."

तू हसलीस. खूप हसलीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणालीस, "बरं बाई. नोव्हेंबर तर नोव्हेंबर. तुझं मन मोडायला नको." आणि विषय संपला. मी जिंकले.

माझं मन मोडायला नको म्हणून तू ऐकलंस. हेच तू जन्मभर केलंस माझ्या बाबतीत. माझं लग्न जमलं नाही तेव्हा घरात काय काय बोललं गेलं, ते मला माहीत आहे, तुला वाटायचं मला माहीत नाही. काकू म्हणाली होती, हिची खोली आता मुलाला द्या. तू तेव्हा जेमतेम तिशीची, घरात नवी म्हणावी अशीच, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ती खोली तिची आहे. समीर माझ्याजवळ झोपेल." बस, एवढंच. पुन्हा तो विषय कधी निघाला नाही. मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. पस्तीस वर्षांत मी तुला कधी सांगितलं नाही की ऐकलं होतं. आज सांगते. त्या खोलीत बसूनच लिहितेय.

आणि मी त्याच्या बदल्यात तुला काय दिलं? एकसष्ट हजारांची बचत.

तूही काही कमी नव्हतीस म्हणा. मला टोचायची एक संधी सोडली नाहीस. नोव्हेंबर ठरल्यावर तुझ्या लक्षात आलं की आता गरम कपडे लागणार, जे मेमध्ये लागले नसते. सप्टेंबरात मला कोटीच्या बाजारात ओढत नेलंस, जुन्या पुस्तकांच्या दुकानांपलीकडे तो कोटवाला बसतो ना. हैदराबादच्या घामात तू जाड मरून रंगाचा कोट घालून आरशापुढे उभी. दुकानदार म्हणाला, "अम्मा, इत्ता मोटा कोट हैदराबाद में कैकू होना?" तू ऐटीत म्हणालीस, "लंडन जाना है." तो म्हणाला, "फिर तो दो लेलो, एक से ठंडी नई रुकती." तू दोन घेतलेस. एक मला. घरी आल्यावर बिल माझ्यापुढे ठेवलंस, "हे एकसष्टातून वजा कर." नंतर मोजे आले. मग हातमोजे. दर वेळी बिल माझ्या तक्त्यावर, आणि तू दारात उभी, तोंडाला पदर लावून. दसऱ्यापर्यंत तू माझी बचत चाळीसवर आणली होतीस.

आता जे लिहिणार आहे ते दादाला सांगितलेलं नाही.

ग्रीनविचची टेकडी चढायची म्हणून आपण सकाळी विद्यानगरकडून युनिव्हर्सिटीत फिरायला जायचो. चढावर तू थांबायचीस. कमरेवर हात ठेवून म्हणायचीस, "थांब, जरा नकाशा बघते." हातात नकाशा नसायचाच. मी पुढे जाऊन ओरडायचे, "नकाशा घरी राहिला, चल आता!" मला वाटायचं आळस. मला वाटायचं शिक्षिका, तीस वर्षं उभी राहिलेली, चालायची सवय नाही. ऑगस्टपासून तू जास्तच नकाशे बघायला लागली होतीस. परवा डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसातलं नाही, आधी दाखवायला हवं होतं. दादा म्हणाला, "तिने कधी तक्रारच केली नाही."

पण प्रवासाच्या विम्याचा फॉर्म आपण दोघींनी बसून भरला होता. त्यात विचारलं होतं, कुठला आजार आहे का, धाप लागते का, छातीत दुखतं का. साठीच्या पुढे आजार लिहिला की हप्ता एकदम वाढतो. आणि मी, मी गं, हसत म्हटलं होतं, "नीट विचार करून टिक कर हं, प्रत्येक 'हो'ला पैसे पडतात." तू पेन धरून थोडा वेळ थांबलीस. अगदी थोडा. मग सगळीकडे 'नाही' केलंस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "बघ, तुझे पैसे वाचवले."

वहिनी, तू माझ्या तक्त्यासाठी गप्प बसली होतीस का?

हे मला कुणाला विचारता येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "छे गं, मला काही होतच नव्हतं, तू कशाला मनाला लावून घेतेस." खोटं बोलताना तू डाव्या हाताने बांगड्या मागे सारायचीस, ते बघून मला कळलं असतं. आता कळायचा मार्ग नाही. मी रोज उठते आणि तो पेन थांबलेला बघते. कधी वाटतं तू फक्त चष्म्यातून अक्षर लावत होतीस. कधी वाटतं नाही. या दोन्हींत मी फेऱ्या मारतेय आणि मी खरंच थकलेय.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, चार वाजता तू चहा ठेवलास आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसलीस. मी बाहेरून विचारलं, तिथे किती वाजले? तू रोज सांगायचीस म्हणून. उत्तर आलं नाही. आत आले तर चहा उतू जात होता. तू भिंतीला टेकून बसली होतीस. चेहऱ्यावर काही त्रास नव्हता, एवढंच मी सगळ्यांना सांगते आहे, आणि ते खरं आहे.

माझ्या कचेरीत मार्च महिन्यात काय व्हायचं, तुला सांगितलं होतं मी. वर्षभर पै-पै अडवून ठेवायची आणि मार्चच्या शेवटी धावाधाव, खर्च करा, खर्च करा, कारण एकतीस तारखेला जे उरेल ते परत जातं. पुढच्या वर्षी मिळत नाही. खुर्च्या घ्या, पंखे घ्या, काहीही घ्या. चौतीस मार्च मी हे बघितलं. जगात कुणाला कळायला हवं होतं तर मला कळायला हवं होतं. आणि मी तुझा मे महिना अडवून ठेवला.

तेराव्याला तुझी एक विद्यार्थिनी आली होती. आता हिमायतनगरला बँकेत आहे. मराठी बोलते, पण अर्धं इंग्रजी, आणि मध्येच बाहेरच्या कुणाशी तेलुगू. म्हणाली, "आँटी, मॅडमनी क्लासमध्ये चॉकने फ्लोअरवर लाइन मारली होती. एकेकाला त्यावर उभं केलं, एक लेग इकडे, एक लेग तिकडे. मग म्हणायच्या, आता तू अर्धी पूर्वेला, अर्धी पश्चिमेला. कसं वाटतंय? आम्ही सगळे नुसते हसायचो. मी ना, अजून मेट्रोत यलो लाइनवर उभी राहिले की पाय तसेच ठेवते." मग ती रडायला लागली, आणि मलाच तिला पाणी द्यावं लागलं.

मला हे माहीत नव्हतं. एका स्वयंपाकघरात अडतीस वर्षं काढली आणि हे मला बँकेतल्या मुलीकडून कळलं. तुला दोन पाय दोन बाजूंना ठेवून उभं राहायचं होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना उभं केलंस, आता तुझी पाळी होती. आणि मी तुला भिंत दाखवत होते. तू का नाही सांगितलंस? नुसतं म्हणायचं ना, मला उभं राहायचंय. मी इतकी का वाईट आहे? राग येतो तुझा, सांगून ठेवते. मनातलं सगळं किरकोळमध्ये टाकून तू बसून राहायचीस आणि समोरच्याने ओळखायचं. मला नाही गं ओळखता येत. मला लिहून दिलेलं कळतं.

सगळे म्हणतात, रद्द कर. समीर म्हणाला, "आत्या, एकटी कुठे जातेस, पैसे गेले तर गेले." शेजारच्या म्हणाल्या, वर्षभर कुठे जायचं नसतं. मीही रद्दच करायचं म्हणून काल त्या माणसाला फोन केला होता. तुझं झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आता तुमचं. तुमच्या तिकिटाला परतावा नाही, पण तारीख बदलून मिळेल. दंड पडेल, आणि दरातला फरक." मी विचारलं, मेची मिळेल? मी विचारलं हे मलाही बोलल्यावरच कळलं.

मिळते. सोळा मे. मी सवयीने आकडे मांडले. दंड, दरातला फरक, व्हिसा मार्चमध्ये संपतो म्हणून पुन्हा नवा व्हिसा, खोली नव्याने. मूळचे एकसष्ट हजारही त्यात सगळे जातात, वर थोडे घालावे लागतात. एका माणसासाठी. इतका वाईट व्यवहार मी आयुष्यात केला नाही. मी 'हो' म्हटलं आणि कार्डाचा नंबर सांगितला.

तक्ताही नवा केला. आवाराचं तिकीट आहे त्यात, किरकोळमध्ये नाही, त्याचं स्वतंत्र हेड उघडलंय. पांढऱ्या कपड्याच्या टेबलावरचं एक जेवण आहे. विम्याच्या फॉर्मवर माझं ब्लडप्रेशर खरं लिहिणार आहे, हप्ता वाढला तर वाढू दे. आणि खाली, एकूणच्याही खाली, मी तुझ्या पत्रिकेवरचा भागाकार उतरवून काढला. साडेपंधरा तास. तुझं बरोबर होतं, वहिनी. फेब्रुवारीतच बरोबर होतं. मी भागाकार दोनदा तपासला होता आणि दोन्ही वेळा बरोबर आला होता, आणि तरी मी ऐकलं नाही. हरले मी. हे तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं, तू चहा ओतता ओतता नुसती "हं" म्हणाली असतीस आणि मला दोन दिवस छळलं असतंस.

मघाशी दादा इथे येऊन उभा राहिला. तक्ता उलटा बघत होता, त्याला चष्म्याशिवाय सुलटाही दिसत नाही. मग म्हणाला, "शैला, मी आलो तर... माझं किती होईल?"

पन्नास वर्षांत त्याने मला पहिल्यांदा खर्च विचारला. मी पेन उचललं, आणि ठेवलं. म्हटलं, "ते नंतर बघू. पासपोर्ट तरी आहे का तुझा?"

"होता. संपला असेल."

"मग आधी तो काढ."

तो "बरं" म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. चार वाजत आले होते. चहा तोच ठेवायला लागलाय आता, पत्ती जास्त टाकतो. आतून म्हणाला, "हे लंडनचं घड्याळ चुकलंय गं. एक तास पुढे आहे. मंदा रविवारी मागे करायची ना? थांब, मी चढतो स्टुलावर."

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार तुझ्याशिवाय येऊन गेला होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते घड्याळ अजून उन्हाळ्याच्या वेळेवर चाललंय, तू ठेवलंस तसं.

मी उठून आत गेले आणि स्टूल धरलं. म्हटलं, "राहू दे, दादा. हात लावू नकोस. आपण जाऊ तेव्हा ते बरोबर असेल."